‘ओक्जा’ बघितला आणि लेकीने मटण सोडलं

नमस्कार ताई,

आम्ही कोल्हापूरचे. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे. गेल्या महिन्यात एका शनिवारी दुपारी मी तिला नेटफ्लिक्सवर ‘ओक्जा’ लावून दिला. चित्रात एक मुलगी आणि हत्तीएवढं गोजिरवाणं जनावर दिसलं, म्हटलं पोरांचाच सिनेमा असणार. मी आपली आत-बाहेर करत बघत होते. संपला तेव्हा पोरगी हमसून हमसून रडत होती. त्या दिवसापासून तिने मटण-चिकन बंद केलंय. आमच्याकडे रविवारी तांबडा-पांढरा झाला नाही तर घरात सुतक असल्यासारखं वाटतं, त्यामुळे आता दर रविवारी वाद.

ह्यांनी शेवटची वीस मिनिटं बघितली. म्हणतात, हा मांसाहाराविरुद्धचा प्रचार आहे, पोरीचं डोकं तू फिरवलंस. पुण्याची नणंद शाकाहारी झाली आहे, ती म्हणते, वहिनी, हा सिनेमा शाळाशाळांतून दाखवायला हवा. मुंबईत सिनेमाचा कोर्स करणारा पुतण्या म्हणतो, काकू, तो मांसावर नाहीच, भांडवलशाहीवर आहे, तुम्ही कोणी नीट बघितलाच नाही. शेजारच्या वहिनींना शेवट अजिबात पटला नाही. एवढी जनावरं मरायला मागे ठेवून ही आपलं एक घेऊन घरी आली, हा कसला शेवट? सासूबाई काहीच बोलत नाहीत, पण पांढऱ्या रश्श्यातल्या फोडी काढून ‘नुसतं नारळाचं दूध आहे गं’ म्हणत नातीला वाढतात.

यात खरं कोणाचं? आणि मुलीला पुन्हा वळणावर कसं आणू? अजून एक. गावी सासऱ्यांनी पुढच्या महिन्यातल्या यात्रेसाठी बकरं पाळलंय. दिवाळीत मुलीने त्याचं नाव चिकू ठेवलं. ते विकलं म्हणून सांगू, असं ह्यांचं म्हणणं आहे.

– एक आई, कोल्हापूर

---

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना आधी हसू आलं आणि शेवटच्या ओळीला आले तेव्हा ते गेलं. त्या ओळीकडे मी येणारच आहे. पण आधी सिनेमाचं बघू. घरात आणि शेजारात मिळून पाच तोंडांची पाच मतं झाली आहेत, आणि जिच्यावरून हे सगळं चाललंय त्या मुलीचं मत पत्रात कुठेच नाही. ती रडली आणि तिने मटण सोडलं, एवढंच तुम्ही लिहिलंय.

मी मटण खाते, हेही आत्ताच सांगून टाकते. म्हणजे उत्तर वाचल्यावर कोणाला माझं ताट तपासत बसायला नको.

ज्यांनी सिनेमा बघितलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. दक्षिण कोरियातले दिग्दर्शक बाँग जून-हो यांचा हा २०१७ सालचा सिनेमा. मिरांडो नावाची एक अमेरिकन कंपनी जाहीर करते की आम्हाला एक अद्भुत डुक्कर सापडलंय. खाणार कमी, देणार भरपूर, आणि चवीला उत्तम. त्याची सव्वीस पिल्लं सव्वीस देशांतल्या शेतकऱ्यांकडे वाढवायला दिली जातात. दहा वर्षांनी स्पर्धा, सगळ्यात चांगलं कोणाचं ते ठरणार. त्यातलं एक पिल्लू कोरियाच्या डोंगरात एका म्हाताऱ्याकडे येतं आणि त्याच्या अनाथ नातीबरोबर, मिजाबरोबर, वाढतं. तीच ओक्जा. दहा वर्षांनी कंपनीची माणसं तिला न्यायला येतात आणि चौदा वर्षांची मिजा तिच्यामागे सोल आणि तिथून न्यूयॉर्कपर्यंत जाते. मध्ये प्राणी सोडवणाऱ्या कार्यकर्त्यांची एक टोळी येते, कंपनीच्या प्रयोगशाळेतलं भयंकर काहीतरी येतं, आणि शेवटी कत्तलखाना.

आता तुमच्या मिस्टरांपासून सुरू करते. त्यांनी जी वीस मिनिटं बघितली ती नेमकी कत्तलखान्याची. तेवढंच बघून ‘प्रचार’ म्हणावंसं वाटलं यात नवल नाही. त्यांना सुरुवातीची वीस मिनिटं बघायला सांगा. मिजा ओढ्यावर मासे धरते. ओक्जा वरून धप्पकन पाण्यात उडी टाकते, पाण्याबरोबर मासे उडून काठावर पडतात. त्यातला लहान मासा मिजा परत पाण्यात सोडते, बाकीचे घरी नेते. घरी आजोबांच्या हातचा कोंबडीचा रस्सा, तोही ती मिटक्या मारत खाणारी. म्हणजे सिनेमाची नायिका, जी एका जनावरासाठी अर्धं जग पालथं घालते, ती शाकाहारी नाही. दिग्दर्शकाने हे चुकून ठेवलेलं नाही. त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय की त्यांचा राग मांस खाण्यावर नसून जनावराला कारखान्यातला माल करून टाकण्यावर आहे. सिनेमाच्या तयारीसाठी ते अमेरिकेत कोलोरॅडोमधला एक मोठा कत्तलखाना बघायला गेले, त्यानंतर काही काळ त्यांनीही मांस सोडलं, आणि कोरियात परतल्यावर ते पुन्हा सुरू झालं. हे मिस्टरांना जरूर सांगा. सिनेमा करणाऱ्या माणसाचं मटण सुटलं आणि परत सुरूही झालं. मुलीचं काय होईल ते आज कोणी सांगू शकत नाही, आणि त्याची एवढी घाईही नाही.

नणंदबाईंशी मात्र माझं अजिबात जमणार नाही. शाळाशाळांतून दाखवा म्हणणाऱ्यांनी सिनेमा स्वतः नीट बघितलाय की नाही, याचीच शंका येते. अमेरिकेत नेटफ्लिक्सने याला मोठ्या माणसांसाठीचा दर्जा दिलाय, आणि तो नुसत्या शिव्यांमुळे नाही, शिव्याही भरपूर आहेत म्हणा. सिनेमाच्या मध्यावर ओक्जाला प्रयोगशाळेच्या तळघरात नेतात आणि तिच्यावर दुसरं जनावर सोडतात. कॅमेरा सगळं दाखवत नाही, पण जे चाललंय ते मोठ्या माणसालाही बघवत नाही. कार्यकर्त्यांनी ओक्जाच्या कानात लपवलेल्या कॅमेऱ्यातून ते दुरून बघताना त्यांचीही वाचा बसते. त्याच्यापुढे लगेच, जिवंत ओक्जाच्या अंगात यंत्र खुपसून मांसाचे नमुने काढतात आणि चव बघायला देतात.

तुम्ही आत-बाहेर करत होतात. ही दृश्यं चालू असताना तुम्ही बाहेर होतात की आत, हे पत्रात नाही. पण मुलगी समोर बसून बघत होती. सगळं घर तिच्या ताटातल्या फोडी मोजतंय, आणि तिला रात्री कुठलं दृश्य आठवतंय ते मात्र कोणी विचारलेलं दिसत नाही. तिला रविवार सोडून कुठल्यातरी दिवशी, बाकीचे घरात नसताना, एवढंच विचारा: ‘त्या तळघरातलं बघून तुला काय वाटलं?’ उत्तर नाही आलं तरी चालेल. आलं, तर घाबरून विषय बदलू नका. तिथे एका मुक्या जिवावर जबरदस्ती झाली, ती वाईट होती, आणि ती बघून तुला कसंतरी झालं यात तुझं काही चुकलं नाही, एवढं तुमच्या तोंडून तिने ऐकायला हवं. अकरा वर्षांच्या मुलीला याचा अर्थ आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळत असतो. कदाचित मटण सोडणं हा त्या दृश्यापासून लांब जाण्याचा तिला सुचलेला एक उपाय असेल. मी ‘कदाचित’च म्हणते. विचारल्याशिवाय ते कळणार नाही.

पुतण्याचं बरोबर आहे, फक्त तो बोलतो ते ऐकून सिनेमा बघायची इच्छा मरते. गोष्ट खरंच एका कंपनीची आहे. कंपनी जगाला सांगते की हे डुक्कर चिलीच्या एका शेतावर आपोआप जन्माला आलं, आणि असतं ते प्रयोगशाळेत जनुकं बदलून तयार केलेलं. टिल्डा स्विंटन यांनी त्यात जुळ्या बहिणी केल्यात. एक बहीण कंपनीचा चेहरा गोड करू बघते, दुसरीला तेवढी गरजही वाटत नाही, स्वस्त असेल तर लोक खातील, एवढा तिचा साधा हिशोब. हे निव्वळ कल्पनेतलं आहे म्हणावं तर तसंही नाही. जनुकं बदललेला, लवकर वाढणारा सॅमन मासा खाण्यासाठी विकायला अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१५ साली परवानगी दिली होती, आणि सिनेमा आल्यानंतर तीन वर्षांनी, २०२० मध्ये, जनुक बदललेल्या एका डुकरालाही दिली. आपल्याकडे जनावरापर्यंत अजून मजल गेलेली नाही, पण २००२ पासून बीटी कापूस लावणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कंपनीची गोड भाषा नवी नाही.

पण पुतण्याला एक विचारा. ओक्जाच्या पोटाला टेकून मिजा झोपते तेव्हा त्याला भांडवलशाही दिसते का? ते जनावर पडद्यावर खरं वाटावं म्हणून काय उपद्व्याप केलेत ते त्याला कोर्समध्ये शिकवलं असेल. चित्रीकरणाच्या वेळी ओक्जा नव्हतीच. फोमचे मोठाले तुकडे करून एक माणूस ते हलवायचा आणि मिजा झालेली बारा-तेरा वर्षांची आन सो-ह्यून त्याला मिठी मारायची, त्याच्या तोंडात हात घालायची. जनावर नंतर संगणकावर आलं. हे काम बघणारे एरिक-यान द बूर यांनी त्याआधी ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ केला होता. ओक्जाच्या चेहऱ्यात समुद्रगाय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मॅनाटीची छाप आहे, त्या प्राण्याचा चेहरा नेहमी जरा ओशाळलेला, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा दिसतो. एवढं सगळं प्रेक्षकाच्या मनात माया यावी म्हणून केलेलं आहे. ती माया तुमच्या लेकीला वाटली, म्हणजे तिने सिनेमा ‘नीट बघितला’. पुतण्याने तो परीक्षेसाठी बघितला.

माझंही मत विचारलंत तर सिनेमाचा पहिला पाऊण तास मला फार आवडतो. न्यूयॉर्कमध्ये गेल्यावर तो आरडाओरडा करायला लागतो. जेक जिलनहाल यांनी टीव्हीवरचा प्राणीतज्ज्ञ इतक्या वरच्या पट्टीत केलाय की दोन मिनिटांत कान किटतात, आणि हे वाटणारी मी एकटी नाही, समीक्षकांतही त्यावरून दोन तट पडले. तसे या सिनेमाच्या नशिबात तट पहिल्या दिवसापासूनच. मे २०१७ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात पत्रकारांपुढे तो लागला तेव्हा पडद्यावर नेटफ्लिक्सचं नाव आलं आणि सभागृहातून हुर्यो झाली, गोष्ट सुरू व्हायच्या आधीच. त्यात भर म्हणून पडदा नीट उघडलेला नव्हता, चित्राचा वरचा भाग कापला जात होता, म्हणून खेळ थांबवून पहिल्यापासून लावावा लागला. खुद्द कोरियात तीन मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांनी तो लावायला नकार दिला, कारण त्याच दिवशी तो घरबसल्या दिसणार होता. तेव्हा सिनेमा न बघता त्याच्यावर मत देण्याचा मान फक्त तुमच्या मिस्टरांना नाही, त्यांनी निदान वीस मिनिटं तरी बघितला.

शेजारच्या वहिनींचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. शेवट असा आहे: मिजा कत्तलखान्यात पोचते, ओक्जाच्या डोक्यावर हत्यार रोखलेलं असतं. ती तिथल्या कामगाराला लहानपणीचा फोटो दाखवते, ती आणि पिल्लू असलेली ओक्जा. तो थबकतो. तेवढ्यात कंपनीची मालकीण येते. मिजा भाषण करत नाही, रडत नाही. आजोबांनी दिलेलं भरीव सोन्याचं डुक्कर काढते आणि तिच्यापुढे टाकते. मालकीण सोनं दातांनी चावून बघते आणि सौदा मंजूर करते. मिजा गिऱ्हाईक होते आणि ओक्जा तिचा माल, बाकी कुंपणाआड शेकड्याने जनावरं उभी. बाहेर पडताना एक जोडी आपलं पिल्लू विजेच्या कुंपणाखालून ढकलते आणि ओक्जा ते तोंडात लपवून नेते. एवढीच सुटका.

वहिनींना हा शेवट बोचला कारण तो बोचावा म्हणूनच केलाय. मिजाला जगातली सगळी डुकरं वाचवायची नव्हतीच. तिला तिची ओक्जा हवी होती. सगळ्यांना सोडवू म्हणणारी टोळी सिनेमात आहे. त्यातला एक गडी तर पृथ्वीवर आपला भार नको म्हणून टोमॅटोसुद्धा खात नाही आणि मग भोवळ येऊन पडतो. दिग्दर्शक त्यांची थट्टा करतो, पण त्यांना खोटं ठरवत नाही. श्रेयनामावली संपल्यावर ते पुन्हा दिसतात, तुरुंगातून सुटून पुन्हा कंपनीच्या मागे लागायला निघालेले. तुमच्याकडे बहुतेक त्याआधीच टीव्ही बंद झाला असेल.

आता मला या सिनेमात काय दिसतं ते सांगते, कारण तुमच्या घरातल्या पाचपैकी एकानेही त्याचा उल्लेख केलेला नाही. या गोष्टीत प्रत्येक मोठा माणूस मिजाशी खोटं बोलतो. कंपनी तर बोलतेच. कार्यकर्ते भले लोक असतात, पण ओक्जाला परत कंपनीच्या ताब्यात देण्याच्या त्यांच्या बेताला मिजा ‘नको, मला डोंगरावर घरी जायचंय’ म्हणते, आणि त्यांच्यातला दुभाषा इतरांना सांगतो की ती तयार आहे. आणि सगळ्यात जवळचा माणूस, आजोबा. त्यांनी तिला सांगून ठेवलेलं असतं की पैसे भरून ओक्जा आपण विकत घेतली. कंपनीने ते पैसे घेतलेलेच नसतात. कंपनीची माणसं ओक्जाला नेणार त्या दिवशी आजोबा नातीला आईवडिलांच्या थडग्यावर घेऊन जातात, तेवढ्या वेळात इकडे काम उरकतं. परत आल्यावर जनावर गायब. ओक्जाच्या बदल्यात ते नातीच्या हातावर सोन्याचं डुक्कर ठेवतात, त्याच पैशांतून केलेलं. म्हातारा वाईट नाही हो. नातीला रडताना बघवणार नाही, म्हणूनच त्याने ते केलं. पण मिजा घरातली पैशांची बरणी फोडून एकटी सोलला पळते ती कंपनीने ओक्जाला नेलं म्हणून जेवढी, तेवढीच आजोबांनी फसवलं म्हणून.

मुलीने सिनेमा बघितलाय, आजोबा बघितलेत, थडग्यावरचा तो फेरा बघितलाय. आणि तिचे वडील म्हणतात, चिकू विकला म्हणून सांगू.

कृपा करून तसं करू नका. ती या महिन्यात ना त्या महिन्यात ओळखणारच. गावी चुलत भावंडं असतात, कोणीतरी एकजण बोलून जाणारच, ‘अगं, तुझा चिकूच होता की तो.’ त्यानंतर तुम्ही तिला काहीही सांगितलंत, परीक्षेचं, मैत्रिणीचं, अंगावरच्या बदलांचं, तर ती आधी तुमच्या तोंडाकडे बघेल की हे तरी खरं आहे का.

सासूबाईंच्या पांढऱ्या रश्श्याचंही तेच. फोडी काढल्या तरी खाली अळणी पाणी मटणाचंच. कोल्हापूरची पोरगी आहे, तिला नारळाच्या दुधाची आणि अळणी पाण्याची चव वेगळी कळत नसेल असं समजू नका. ती कळूनही गप्प बसत असेल तर ते जास्त वाईट. सासूबाईंना माझा हेतू सांगू नका, फक्त एक आठवण करून द्या. तुमच्या घरात किंवा भावकीत कोणी माळकरी असेलच. पश्चिम महाराष्ट्रात ज्या घरात रविवारी तीन किलो मटण शिजतं त्याच घरात एखादे आजोबा माळ घालून बसलेले असतात. त्यांचं भांडं वेगळं, आमटी वेगळी, आणि आयुष्यात कोणी त्यांना फसवून रस्सा वाढला नाही. वाढला असता तर भावकीत आग लागली असती. माळ घातली तेव्हा ‘का सोडलंत?’ म्हणून कोणी घरात चर्चासत्रही भरवलं नाही. नातीच्या गळ्यात माळ नाही आणि तिने सोडण्याचं कारण पंढरपूरऐवजी कोरियातून आलं, एवढाच फरक. तिला वेगळी आमटी द्या आणि विषय संपवा. त्यातून तिने दोन महिन्यांनी स्वतःहून फोड मागितली तर टोमणा न मारता वाढा. ‘काय गं, संपलं का तुझं?’ हे एक वाक्य तिला आणखी वर्षभर हट्टाने शाकाहारी ठेवायला पुरेसं आहे.

खाण्याचं तेवढं बघा, कारण हे वय लोह कमी पडण्याचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि त्यात मटण खाणाऱ्या घरांतल्याही होत्याच. मोडाची मटकी, हरभरा, पालेभाज्या रोजच्या जेवणात ठेवा, वर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा नको. अंडं आणि दूध चालतं का, ते तिला विचारा. चालत असेल तर निम्मी काळजी मिटली. दोन्ही नको म्हणाली तर बी-१२ साठी डॉक्टरांना विचारा, घरच्या घरी गोळ्या सुरू करू नका.

आता चिकू. आधी सासऱ्यांना विचारा की बकरं नवसाचं आहे की नुसतं यात्रेसाठी पाळलेलं. नवसाचं असेल तर ते बदला म्हणून सांगायला तुम्हाला जड जाईल, आणि सून म्हणून तुम्ही ते अंगावर घ्यावं असं मी म्हणणार नाही. तसं नसेल तर चिकूला ठेवून यात्रेसाठी दुसरं बकरं आणता येईल. खर्च होईल, गावात कोणीतरी हसेल. यात दुसरं एक बकरं जाणारच, हे वहिनींनी सिनेमाबद्दल म्हटलंच आहे, आणि मुलगीही ते म्हणेल. म्हणाली तर नाही म्हणू नका. ‘हो, दुसरं जाणार. आम्ही मटण खातो. तू ज्याला नाव दिलंस ते आम्हाला कापवलं नाही,’ असं सांगा. अकरा वर्षांच्या मुलीला हे पचतं. फसवणूक तेवढी पचत नाही.

आणि नसेलच जमत, तर यात्रेच्या आधी सांगा. तुम्ही दोघांनी मिळून, आणि शक्य असेल तर सासऱ्यांनी स्वतः. ती चिडेल, तुमच्याशी चार दिवस बोलणार नाही, यात्रेला येणार नाही म्हणेल. नको म्हणाली तर नेऊ नका, तुमच्यापैकी एकाने तिच्याबरोबर कोल्हापुरात राहा. आधी एकदा जाऊन चिकूला भेटायचंय म्हणाली तर घेऊन जा, आणि तिथे ती रडायला लागली की ‘गप, लोक बघतायत’ म्हणू नका. तुमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर जनावरं राखली आहेत. बैल बाजारात नेताना ते स्वतः किती रडले असतील हे तिला त्यांच्याकडूनच ऐकू द्या. ते बोलणारे नसतील तर नुसते तिच्याशेजारी गोठ्यात बसले तरी चालेल.

सिनेमा तिला पुन्हा दाखवू का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण नणंदबाई म्हणतीलच. तिने मागितला तर तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन शेजारी बसा, आणि तळघराचं दृश्य आलं की पुढे सरकवा. मिस्टरांनाही बसवा, सुरुवातीपासून. कोंबडीच्या रश्श्याचा प्रसंग आला की ते काय म्हणतात ते मला नक्की कळवा.

यात्रेला महिनाच राहिलाय. सासऱ्यांना फोन या आठवड्यातच करा, कारण एकदा मुलाण्याला दिवस देऊन झाला आणि पै-पाहुण्यांना आवतण गेलं की मग त्यांनाही मागे फिरता येत नाही. फोनवर बोलताना मुलीला शेजारी बसायचंय का, ते तिलाच विचारा.